आमच्या परसातल्या छत्र्या



पावसाळा आला की आपल्या सगळ्यांच्या घरामागे छत्र्या उगवतात. उकिरड्यावर, भिंतीच्या कडेला, सरपणाच्या खाली, कुठंही. कोणी त्यांना कुत्र्याची छत्री म्हणतं, कोणी भूछत्र म्हणतं, पुस्तकात अळंबी लिहितात. आपण जाता-येता त्यांना लाथ मारतो. मागच्या वर्षी श्रावणात मी एका दिवसात एकवीस छत्र्या लाथेनं उडवल्या. त्या गंमत म्हणून नाही, रागानं उडवल्या. का ते आधी सांगते, मग छत्र्यांची माहिती सांगते.

आमच्या परसात एक कडुनिंब आहे, एक उकिरडा आहे, शेळ्यांचा गोठा आहे आणि पर्‍हाट्यांचा ढीग आहे. मोरीचं पाणी तिकडंच जातं म्हणून जमीन नेहमी ओली असते. आम्ही तिथंच भातुकली खेळतो. माझी भातुकली पितळेची आहे. आपल्या सोनगीरची भांडी लांब लांब जातात हे तुम्हाला माहीतच आहे, पण माझी भातुकली कुठं गेली नाही, ती आजीनं माझ्यासाठी घेऊन ठेवली होती.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. फोडता फोडता ती आम्हाला माहेरच्या गोष्टी सांगत होती. आजीचं माहेर साक्री तालुक्यात डोंगराच्या बाजूला आहे. तिकडं आपल्यापेक्षा पाऊस जास्त पडतो. आजी म्हणाली, "आम्ही लहान होतो तेव्हा वारुळावरच्या छत्र्या आणायचो आणि त्यांची भाजी करायचो. मटणासारखी लागते." माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा आहे. आम्ही त्याला धाकला म्हणतो. तो हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकत होता.

दुसर्‍या दिवशी आम्ही भातुकली मांडली. उकिरड्याशेजारी मोठ्या मोठ्या पांढर्‍या छत्र्या उगवल्या होत्या, एकेक भाकरीएवढी. मी एक तोडली, चिरली, पितळेच्या पातेल्यात घालून खोटी खोटी भाजी केली. मग ती धाकल्याच्या ताटलीत वाढली. मला वाटलं तो नेहमीसारखं 'मम मम' करून खाल्ल्याचं सोंग करील. पण त्यानं खरंच खाल्ली. मी दुसरीकडं बघत होते. बघितलं तर ताटली रिकामी. मी घाबरले आणि उरलेली सगळी छत्री मोरीत टाकून दिली. कोणाला सांगितलं नाही.

दीड-दोन तासांनी त्याला उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. मग जुलाब पण लागले. डोळे खोल गेले. मग मी रडत रडत आईला सांगितलं. बाबांनी रिक्षा आणली आणि त्याला धुळ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली, "छत्री आणली का? उरलेला तुकडा आहे का?" नव्हता. मी तो मोरीत टाकला होता. डॉक्टर आईला म्हणाले, छत्री बघायला मिळाली असती तर कोणतं विष आहे ते लवकर समजलं असतं. त्याला सलाईन लावलं. तिसर्‍या दिवशी तो घरी आला, तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

त्या तीन दिवसांत आजी नीट जेवली नाही. "माझ्याच जिभेला हाड नाही," एवढंच ती म्हणायची. पुढं तिनं माहेरची एकही गोष्ट सांगितली नाही. चूक तर माझी होती. म्हणून मी परसात गेले आणि एकवीस छत्र्या लाथेनं उडवल्या.

आठ दिवसांनी पाऊस झाला आणि त्या परत आल्या. तेवढ्याच, त्याच जागी!

मग पोळ्याला माझा मामा आला. मामा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकतो. मी त्याला म्हटलं, "मामा, मी सगळ्या उपटल्या तरी परत कशा येतात?" मामा म्हणाला, "आंब्याच्या झाडाचे सगळे आंबे तोडले तर झाड मरतं का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग तू आंबे तोडलेस. झाड कुठं आहे ते दाखवू का?"

त्यानं खुरपं घेतलं आणि छत्रीच्या शेजारची ओली माती हळूच उकरली. मातीत आणि शेणात पांढरे बारीक धागे पसरलेले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ते धागे म्हणजेच खरी बुरशी. ती वर्षभर जमिनीत असते, आपल्याला दिसत नाही. पाऊस पडला, ओल आणि ऊब मिळाली, की ती वर छत्री काढते. छत्री म्हणजे तिचं फळ. फळात बी असतं तसं छत्रीत बीजाणू असतात. एक बीजाणू इतका लहान असतो की शंभर बीजाणू ओळीनं ठेवले तर एक मिलिमीटर भरतो. आपल्या पट्टीवरच्या दोन बारीक रेघांच्या मधे शंभर! आणि एका मोठ्या छत्रीतून ते कोट्यवधी निघतात. वार्‍यावर उडतात. चांगली जागा मिळाली तर एखादा रुजतो, बाकीचे वाया जातात.

बुरशी हे झाड नाही. झाडाची पानं हिरवी असतात, ती उन्हात आपलं अन्न तयार करतात. बुरशीत हिरवं काही नसतं, म्हणून तिला आयतं अन्न लागतं. शेण, पालापाचोळा, मेलेलं लाकूड हे तिचं जेवण. पण ती तोंडानं खात नाही. धाग्यांतून पाचक रस बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. पूर्वी बुरशीला वनस्पतींतच धरत. रॉबर्ट व्हिटेकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६९ साली सजीवांचे पाच गट पाडले, त्यांत बुरशीला स्वतंत्र गट दिला. झुरळाच्या पाठीचं कवच ज्या पदार्थाचं असतं तोच पदार्थ बुरशीच्या धाग्यांच्या भिंतीत असतो. हे मामानं सांगितल्यावर धाकला म्हणाला, "म्हणजे मी झुरळ खाल्लं?" सगळे हसले, आजी नाही हसली.

आणि कुत्र्याचा या छत्रीशी काही संबंध नाही. कुत्रा लघवी करतो तिथं ती उगवते असं सगळे म्हणतात. आमच्या परसात कुत्रा येतच नाही, शेळ्यांमुळे फाटक लावलेलं असतं. तरी छत्र्या आहेतच.

मामानं मला आणखी एक दाखवलं. आमच्या छत्र्या कशाही उगवलेल्या नव्हत्या. नीट बघितलं तर त्या गोल उगवल्या होत्या, रिंगणासारख्या. आम्ही रोज तिथंच खेळायचो पण ते कधी ध्यानात आलं नव्हतं. धागे एका जागेपासून चारी बाजूंनी बाहेर पसरत जातात. मधलं अन्न संपतं, म्हणून छत्र्या कडेकडेला निघतात. मी त्या रिंगणावर फुटक्या कौलाचे तुकडे पुरून खुणा केल्या. या वर्षी आषाढात छत्र्या आल्या तेव्हा मोजलं. रिंगण प्रत्येक बाजूला एक वीत आणि चार बोटं मोठं झालं होतं. उकिरड्याच्या बाजूला तर दोन विती. तिथं खायला जास्त आहे ना!

अमेरिकेत ओरेगॉन नावाचं राज्य आहे. तिथल्या जंगलात एकच बुरशी जमिनीखाली सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेली आहे. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. माझ्या बाबांचं शेत तीन एकर आहे, तर हिशोब तुम्हीच करा. ती झाडांच्या मुळांना लागते आणि झाडं मारते. एवढी मोठी असून ती वरून दिसत नाही. फक्त पाऊस पडला की छोट्या छोट्या छत्र्या दिसतात.

आता ठशाचा प्रयोग सांगते. हा तुम्ही पण करू शकता, पण मोठ्या माणसाला सांगून करा आणि नंतर साबणानं हात धुवा. पूर्ण उघडलेली छत्री घ्यायची. दांडा कापून टाकायचा. पांढर्‍या कागदावर ती पालथी नाही, सरळ ठेवायची, म्हणजे खालच्या पाकळ्या कागदाला लागल्या पाहिजेत. वरून वाटी झाकायची म्हणजे वारा लागत नाही. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी छत्री उचलली की कागदावर सुंदर नक्षी उमटलेली असते, चाकाच्या आर्‍यांसारखी. ती नक्षी म्हणजे खाली पडलेले बीजाणू. या ठशाचा रंग प्रत्येक जातीचा वेगळा असतो. कोणाचा पांढरा, कोणाचा गुलाबी, कोणाचा तपकिरी, कोणाचा काळा.

मी या वर्षी रिंगणातली एक मोठी छत्री घेतली आणि आमच्या पितळी वाटीखाली झाकली. ती वाटी आता प्रयोगालाच ठेवली आहे, तिच्यात कोणी जेवत नाही. सकाळी वाटी काढली तर ठसा हिरवा! शेवाळासारखा मळकट हिरवा. मला वाटलं पितळेचा कळकला. म्हणून दुसर्‍या दिवशी चिनी मातीचा कप झाकून परत केला. परत हिरवाच.

मी मामाला फोन केला. मामा एकदम म्हणाला, "हिरवा? नक्की हिरवा? फोटो पाठव." बाबांच्या फोनवरून फोटो पाठवला. त्यानं तो आपल्या सरांना दाखवला आणि संध्याकाळी कळवलं की हीच ती. हिरव्या ठशाची छत्री फार थोडी असते. ही पांढरी असते, डोक्यावर तपकिरी खवले असतात, दांड्याला कडं असतं. पावसात गवतात आणि घरांच्या आसपास पुष्कळ उगवते. दिसायला चांगली असते म्हणून लोक फसतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लहान मुलांना जास्त त्रास होतो, कारण त्यांच्या अंगातलं पाणी लवकर संपतं. आणि वाईट म्हणजे, ती कोवळी असताना तिच्या खालच्या पाकळ्या पांढर्‍याच असतात, मग हिरव्या होतात. म्हणजे नुसतं खाली वाकून बघून समजत नाही.

मी तो हिरवा कागद घेऊन आजीकडे गेले. म्हटलं, "आजी, ही तुमच्या माहेरची छत्री नव्हतीच. ही वेगळी जात आहे." आजीनं कागद डोळ्यांजवळ नेला. मग ती उठली, काठी घेतली आणि एक वर्षात पहिल्यांदा माझ्याबरोबर रिंगणापाशी आली. म्हणाली, "खणून दाव." मी खुरप्यानं खणलं. छत्रीचा दांडा जमिनीतच संपत होता. आजी म्हणाली, "हिले मुळी कोठे शे? मुळी नही ते खावानं नही. आमच्या वारुळाच्या छत्रीला हातभर मुळी असते, खाली वारुळात जाते. ओढली तरी निघत नाही, तुटते." हे तिनं आम्हाला त्या दिवशी सांगितलंच नव्हतं. सांगायचं राहून गेलं, कारण तिला वाटलं ते सगळ्यांना माहीत असतं.

मामाला विचारलं तर आजीचं बरोबर निघालं. ती मुळी खरी कशी असते ते ऐकण्यासारखं आहे. वाळवी लाकूड, पाला, कडबा खाते. पण ते तिला नीट पचत नाही. म्हणून ती वारुळात खाली खोल्या करते, आणि अर्धवट पचलेल्या लाकडाचे स्पंजासारखे गोळे रचते. त्या गोळ्यांवर एक बुरशी वाढते. बुरशी लाकूड मऊ करते, मग वाळवी ते खाते. म्हणजे वाळवी शेती करते! आपण कपाशी लावतो तशी ती बुरशी लावते. पावसाळ्यात ही बुरशी वारुळातून वर छत्री काढते. छत्री खालच्या शेतापासून निघते म्हणून दांडा लांबच लांब मुळीसारखा असतो. गोव्यात वारुळाला रोण म्हणतात आणि छत्रीला अळमी. तिकडं पावसाळ्यात ही अळमी बाजारात विकायला येते आणि फार महाग असते. लोक फार तोडायला लागले म्हणून तिकडच्या शास्त्रज्ञांना काळजी पण वाटते, कारण सगळ्याच तोडल्या तर बीजाणू कुठून पडणार?

पण मित्रांनो, मुळी आहे म्हणून लगेच खायची, असं मुळीच करू नका. आजी तिच्या आईबरोबर दहा-बारा पावसाळे फिरून शिकली. मी आणि तुम्ही नाही शिकलो. ज्याला ओळख नाही त्यानं परसातली, शेतातली कोणतीच छत्री खायची नाही. लोक सांगतात की विषारी छत्री शिजवताना चांदीचा रुपया टाकला तर काळा पडतो, लसूण टाकला तर निळा पडतो. हे साफ खोटं आहे. किडे खातात ती माणसाला चालते, हे पण खोटं. काही विषं शिजवून जात नाहीत. आणि जगात काही छत्र्या अशा आहेत की खाल्ल्यावर सहा-सहा तास, कधी बारा तास काही होत नाही, माणूस मजेत असतो, आणि आतून यकृत खराब होत असतं. म्हणून कोणी खाल्लीच तर उलटीची वाट बघायची नाही. लगेच दवाखान्यात न्यायचं, आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्यायचा. मोरीत टाकायचा नाही.

नुसता हात लावल्यानं मात्र विष चढत नाही. म्हणून बघायला काही हरकत नाही. बघायला लागल्यावर मला परसात इतक्या जाती सापडल्या की माझी अर्धी वही भरली. त्यातल्या तीन सांगते.

पहिली शाईची छत्री. ही उकिरड्यावर पहाटे उगवते. राखाडी, पातळ, बोटाएवढी, टोपीसारखी. सकाळी शाळेत जाताना ताठ उभी असते आणि दुपारी सुट्टीत बघावं तर विरघळून काळं पाणी झालेलं असतं. ती सडत नाही, स्वतःच स्वतःला पचवते. खालची कड आधी विरघळते म्हणजे वरचे बीजाणू मोकळे होतात. मी ते काळं पाणी करवंटीत धरलं, बोरूनं कागदावर माझं नाव लिहिलं. वाळल्यावर अक्षर तपकिरी-काळं झालं. तो कागद या लेखाच्या खाली डिंकानं चिकटवला आहे, बघा. बोट लावून पुसू नका.

दुसरी आहे ती मला सगळ्यांत आवडते. मी ती शोधली नाही, धाकल्यानं शोधली. तो जमिनीवर पालथा पडून काहीतरी बघत होता. मला वाटलं परत काही तोंडात घातलं की काय, म्हणून मी ओरडत पळाले. तो म्हणाला, "ताई, चिमणीचं घरटं!" बघते तर शेण आणि काडीकचर्‍यावर इवले इवले पेले, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढे. आणि प्रत्येक पेल्यात चार-पाच चपटी काळी अंडी! खरंच घरटं. मुंगीचं म्हणा फार तर. हिला घरट्याची बुरशी म्हणतात. ती अंडी म्हणजे बीजाणूंच्या डब्या आहेत. पेल्याचा आकार असा असतो की पावसाचा थेंब नेमका आत पडला की अंडं उडून बाहेर फेकलं जातं. एक मीटरपर्यंत जाऊ शकतं. काही जातींत अंड्याला बारीक दोरी असते, ती उडताना गवताच्या पात्याला गुंडाळली जाते. मग गाय ते गवत खाते, आणि अंड्यातले बीजाणू शेणातून परत बाहेर येतात. पावसावर भरवसा ठेवून बसणारी ही बुरशी आमच्या धुळे जिल्ह्यात कशी राहते कोण जाणे! आपल्याकडं तर कधी कधी महिना महिना थेंब पडत नाही.

आम्ही प्रयोग केला. मी स्टुलावर उभी राहिले आणि ओल्या फडक्यातून एकेक थेंब टाकला. सोळा थेंब बाजूला पडले. सतरावा पेल्यात पडला. अंडं कुठं गेलं ते दिसलंच नाही. धाकल्यानं शोधून काढलं, शेळीच्या दाव्याला चिकटलं होतं. मोजलं तर दोन विती आणि एक बोट.

तिसरी सरपणात असते. बाभळीच्या वाळलेल्या खोडावर पांढरे-करडे पंखे लागलेले असतात, नखाएवढे, वरून लोकरीसारखे. तुम्ही पण पाहिले असतील, चुलीत घालताना जळून गेले असतील. खालून बघितलं तर प्रत्येक पाकळी मधून चिरलेली असते. उन्हाळ्यात ती चीर उघडते, कडा आत वळतात आणि पंखा मिटून कोरडा होतो. मेला असं वाटतं. मी चैत्रात एक तुकडा काढून वाटीत पाणी घालून ठेवला. थोड्या वेळानं पंखा सरळ झाला आणि उघडला. ही बुरशी जवळजवळ सगळ्या जगात सापडते. आमच्याकडची चुलीशेजारी असते एवढंच.

बुरशी सगळी उपद्रवी नसते. उकिरड्याचं खत होतं ते बुरशी आणि जिवाणू मिळून करतात. पाव फुगतो तो यीस्ट नावाच्या बुरशीनं. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत चुकून एक हिरवी बुरशी पडली आणि तिच्या आसपासचे जंतू मेले. त्यातून पेनिसिलीन औषध निघालं. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली त्याच कामासाठी सरकारी कारखाना काढला. आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत देशातल्या बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथं बुरश्या जिवंत ठेवतात. मोठी झाल्यावर मी तो बघायला जाणार आहे.

उपद्रवी पण आहेत. ज्वारीची काणी, गव्हाचा तांबेरा या बुरश्याच. गेल्या दिवाळीत आमचं एक शेंगांचं पोतं ओलं राहिलं आणि दाण्यांवर हिरवी-पिवळी बुरशी आली. आजी म्हणाली फेकायच्या कशाला, शेळ्यांना घालू. मामानं नको म्हटलं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे एक लाखाहून जास्त पक्षी मेले होते. शोधलं तर त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेल्या भुईमुगाची पेंड होती. तेव्हापासून त्या विषाचा शोध लागला. आजीनं ते पोतं स्वतः खड्ड्यात पुरलं. नुकसान झालं, बाबा दोन दिवस गप्प होते.

आता आमच्या रिंगणाचं काय करायचं, यावर घरात बोलणं झालं. बाबा म्हणाले औषध ओततो. मामा म्हणाला धागे खोल असतात, नुसतं औषध ओतून जायचे नाहीत, आणि तिथं शेळ्या चरतात. मग असं ठरलं की छत्री उगवली की उघडायच्या आधीच काढायची आणि खड्ड्यात पुरायची. हे काम माझ्याकडं आहे. मी रोज सकाळी शाळेच्या आधी मोजते आणि काढते. धाकला टोपलं धरतो. तो आता छत्री दिसली की दोन्ही हात पाठीमागे घेतो, कोणी सांगावं लागत नाही. आजी ओट्यावर बसून बघते. परवा तिनं आम्हाला माहेरच्या नदीची गोष्ट सांगितली, एक वर्षानं.

कौलाच्या खुणांवरून मी बघितलं, रिंगणाची कड आता शेजारच्या काकूंच्या कुंपणापासून फक्त एक हात लांब आहे. एक-दोन पावसाळ्यांत छत्र्या त्यांच्या परसात निघतील. त्यांची मुलगी नुकतीच रांगायला लागली आहे, आणि जे दिसेल ते तोंडात घालते. मी काकूंना कुंपणापाशी नेऊन कौलाचा शेवटचा तुकडा दाखवला आणि हिरवा कागद पण दाखवला. काकूंनी तो कागद मागून घेतला आणि मागच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवला.

इयत्ता चौथी, जिल्हा परिषद मराठी शाळा, सोनगीर